आपली डिग्री तिकडे चालते का? वाळूजच्या एका इंजिनिअरला उत्तर

बीड जिल्ह्यातल्या एका तरुणाचा प्रश्न थोडक्यात असा: "वय २९. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतला आणि २०१८ साली संभाजीनगरच्या एका खाजगी कॉलेजातून मेकॅनिकलचा बी.ई. झालो. तेव्हापासून वाळूजला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत, प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा दाबून-वाकवून भाग बनवणाऱ्या विभागात आहे. परदेशात जायचंय. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, जर्मनी, आखात, कुठेही. एजंट म्हणतो तुमची डिग्री तिकडे चालत नाही, ती 'इक्विव्हॅलंट' करून देतो, साडेतीन लाख लागतील. वडील म्हणतात दोन एकर काढू. डिग्री खरंच चालत नाही का?"

सगळ्यात आधी, जमिनीला हात लावू नका. पदवी तपासून घेण्याच्या साध्या अर्जाची फी या सगळ्या देशांत लाखाच्या आत बसते, आणि तो अर्ज तुमचा तुम्हाला करता येतो. निकाल हातात आल्यावर पुढच्या खर्चाचा विचार करा. जमीन विकून मग निकालाची वाट बघणारी घरं मी पाहिली आहेत. त्या घरातल्या मुलाला नाही म्हणायची सोयच राहत नाही, आणि मग तो मिळेल त्या व्हिसावर, मिळेल त्या कामाला जातो.

मी मूळचा परभणीचा, मेकॅनिकलच. आधी आखातात आणि नंतर ऑस्ट्रेलियात प्लांट मेंटेनन्सचं काम केलं. आता आपल्या भागातल्या मुलामुलींच्या फायली बघून देतो. फायली बघताना सगळ्यात जास्त घोळ दिसतो तो 'चालते' या कल्पनेचा. डिग्री तपासणारे तिघं वेगवेगळे असतात आणि तिघांचे प्रश्न वेगळे असतात. व्हिसा देणारं सरकार विचारतं, ही पदवी आमच्याकडच्या कोणत्या पातळीची? कंपनी विचारते, या माणसाला हे काम येतं का? आणि जिथे परवाना लागतो तिथली परवाना देणारी संस्था विचारते, ज्यावर लोकांचा जीव अवलंबून आहे अशा ड्रॉइंगवर याने सही करावी का?

हा तिसरा प्रश्न आपल्याला ओळखीचा नाही. आपल्याकडे वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते, आर्किटेक्टला कौन्सिल आहे. महापालिकेकडची स्ट्रक्चरल इंजिनिअरची नोंदणी सोडली, तर इंजिनिअरला देशपातळीवर परवाना असा नाहीच. बी.ई. झाला की इंजिनिअर. त्यामुळे तिन्ही मान्यता एकच आहेत असं आपण धरून चालतो आणि 'इक्विव्हॅलन्स करून देतो' म्हणणाऱ्याचं फावतं. तो नेमकी कोणाची मान्यता आणून देणार आहे, एवढं त्याला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर उठून या.

आता तुमच्या कॉलेजचं. १९८९ साली सहा इंग्रजीभाषक देशांच्या संस्थांनी वॉशिंग्टन अकॉर्ड नावाचा करार केला: एकमेकांकडे तपासून मान्य झालेले इंजिनिअरिंगचे पदवी अभ्यासक्रम साधारण समकक्ष मानायचे. भारत आपल्या एनबीएमार्फत, म्हणजे अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या नॅशनल बोर्ड ऑफ अ‍ॅक्रेडिटेशनमार्फत, जून २०१४ मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण त्यात दोन अटी आहेत आणि त्या कोणी सांगत नाही. एनबीएची मान्यता कॉलेजला मिळत नाही, शाखेला मिळते, तीही ठरावीक वर्षांपुरती. मेकॅनिकलला असेल आणि सिव्हिलला नसेल, असं एकाच इमारतीत घडतं. दुसरी अट जास्त महत्त्वाची. करारात फक्त टियर-वन बसतं, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे स्वतःचे विभाग. विद्यापीठाशी संलग्न साध्या कॉलेजांना एनबीए मिळालं तरी ते टियर-टूचं, आणि ते कराराबाहेर. एआयसीटीईची मंजुरी म्हणजे कॉलेज चालवायची परवानगी, आणि नॅकची ग्रेड संपूर्ण संस्थेची. दोन्हींचा या कराराशी संबंध नाही. कॉलेजच्या कमानीवर 'ए ग्रेड' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहिलेले खूपजण भेटतात.

तुमचं कॉलेज २०१८ साली संलग्न होतं, म्हणजे तुम्ही कराराबाहेर आहात. त्याने डिग्री बाद होत नाही. करारातल्या माणसाची पदवी कागद बघून मान्य होते, तुमची तुमचं काम बघून मान्य होते. वाट लांबची आहे, पण मराठवाड्यातून बाहेर गेलेले बहुतेक इंजिनिअर तिनेच गेले आहेत.

ही वाट सगळ्यात स्पष्ट आखलेली आहे ऑस्ट्रेलियात, म्हणून तिथे थोडं थांबू. तिथे व्हिसाच्या आधी 'इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया' ही संस्था तुमचं मूल्यमापन करते. कराराबाहेरच्या पदवीधराने सीडीआर, म्हणजे आपली क्षमता दाखवणारा अहवाल, द्यायचा. त्यात तीन 'करिअर एपिसोड', म्हणजे स्वतः केलेल्या तीन कामांची प्रत्येकी हजार ते अडीच हजार शब्दांची हकीकत. शिवाय पदवीनंतर काय काय शिकलात त्याची यादी, आणि एक तक्ता, ज्यात त्यांच्या प्रत्येक निकषापुढे तुमच्या हकीकतीतला परिच्छेद क्रमांक टाकायचा. इंग्रजीला आयईएलटीएसमध्ये चारही भागांत किमान ६.

आपल्या मुलांचा सीडीआर अडतो तो इंग्रजीवर कमी, सांगण्याच्या सवयीवर जास्त. आपल्याला 'मी केलं' म्हणायचा संकोच वाटतो. तुमच्याच प्रेस शॉपचं एक उदाहरण घेऊ. बहुतेकजण लिहितात: "ब्रॅकेटमध्ये क्रॅक येत होते. आमच्या टीमने रूट कॉज अ‍ॅनालिसिस करून डाय मॉडिफाय केली आणि रिजेक्शन कमी झालं." तपासणाऱ्याच्या हाती यातून काहीच लागत नाही. टीममध्ये तुम्ही होता की चहा आणत होता, हेही कळत नाही.

हेच असं लिहिता येतं. ३ मि.मी. पत्र्याच्या ब्रॅकेटला वाकणाच्या बाहेरच्या बाजूने तडे येत होते. मी तडे गेलेले नग वेगळे काढले आणि पत्र्याच्या रोलिंगच्या रेषा पाहिल्या. वाकणाची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर पडत होती, म्हणजे पत्रा त्याच्या दुबळ्या दिशेने वाकत होता. पत्रा दाबून वाकवणाऱ्या पंचची त्रिज्या मोजली तर ती पत्र्याच्या जाडीपेक्षा बरीच कमी भरली. माझ्यापुढे तीन पर्याय होते. ब्लँक, म्हणजे कापलेला पत्र्याचा तुकडा, नव्वद अंशांत फिरवला तर तडे थांबतील, पण पट्टीतून कमी नग निघतील, म्हणून मी दोन्ही मांडण्यांचा मटेरियल वापर काढला. पंचची त्रिज्या वाढवायची तर भागाची आतली त्रिज्या बदलेल, म्हणून मी ड्रॉइंगमध्ये मापाला किती सूट (टॉलरन्स) आहे ते तपासलं आणि कस्टमरची लेखी परवानगी मागितली. जास्त लवचीक ग्रेडचा पत्रा घ्यायचा तर दर वाढेल. मी हा हिशोब मांडून अमुक पर्याय निवडला, कारण अमुक. चाचणीचे इतके नग घेतले, तपासले, निकाल असा आला.

यात शिकलेलं शास्त्र आहे, मोजमाप आहे, पैशाचा विचार आहे, दुसऱ्याची परवानगी घेणं आहे आणि निर्णय आहे. त्यांना हेच बघायचं असतं. मोठा प्रकल्प लागत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधला रोल पासचा बदल, साखर कारखान्याच्या बॉयलरचं ऑफ सीझनचं काम, जलसंधारणाच्या बंधाऱ्याचा सांडवा, यातलं काहीही चालतं. फायनल इयरचा प्रोजेक्टही एक एपिसोड होऊ शकतो, पण तो तुम्ही खरंच केला असेल तर.

विकतचा सीडीआर घेऊ नका. हे मी अगदी कळकळीने सांगतो. पुण्यात, हैदराबादेत आणि आता आपल्याकडेही तो तयार मिळतो. तोच मजकूर नाव बदलून दहाजणांना विकलेला असतो. इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया प्रत्येक अहवाल सॉफ्टवेअरमधून तपासते. उचललेला मजकूर सापडला तर अर्ज नाकारला जातो, पुन्हा अर्ज करायला बंदी येते आणि तिथल्या गृहखात्यालाही कळवलं जातं. मग व्हिसाच्या फायलीवर तुमच्या नावापुढे तो डाग बसतो. तुमची सहा-सात वर्षांची खरी मेहनत हातात असताना दुसऱ्याची खोटी हकीकत का विकत घ्यायची?

कॅनडात उलट प्रकार आहे. व्हिसापुरती मान्यता सोपी आणि परवाना अवघड. एक्स्प्रेस एंट्रीसाठी, म्हणजे तिथे कायम राहण्याच्या अर्जाच्या गुणपद्धतीसाठी, डब्ल्यूईएससारखी संस्था पदवीचं मूल्यमापन करते. विद्यापीठाकडून थेट ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांच्या गुणांचा प्रमाणित उतारा, गेली की अहवाल येतो आणि तो इमिग्रेशनसाठी पाच वर्षं चालतो. तो आला म्हणजे तिथे इंजिनिअर झालो असं समजू नका. तिथे प्रत्येक प्रांताची परवाना देणारी वेगळी संस्था आहे आणि परवान्याशिवाय स्वतःला 'इंजिनिअर' म्हणवून घेणं कायद्यात बसत नाही. विषयवार अभ्यासक्रम तपासतात, लागल्यास तांत्रिक परीक्षा, शिवाय कायदा आणि व्यावसायिक नीतीची परीक्षा, आणि काही वर्षांचा अनुभव. ओंटारिओ प्रांताने कॅनडातल्याच अनुभवाची सक्ती मे २०२३ मध्ये काढली, हे आपल्यासारख्यांना फार मोठं झालं. परवाना मिळेपर्यंत लोक डिझायनर, टेक्नॉलॉजिस्ट, को-ऑर्डिनेटर अशा पदांवर काम करतात. त्यात कमीपणा काही नाही, पण निघण्याआधी हे घरात सगळ्यांना माहीत असावं. नाहीतर आईवडील गावात 'पोरगा कॅनडात इंजिनिअर' सांगतात आणि पोरगा तिकडे मनात कुढतो.

जर्मनीबद्दल मला तुमच्यासाठी सगळ्यात जास्त आशा वाटते. प्रेस टूल आणि शीट मेटलचा अनुभव हा त्यांच्या कारखान्यांच्या जवळचा अनुभव आहे. तिथे 'इंजेनिअर' ही पदवी लावायला त्या त्या राज्याच्या कायद्यानुसार मंजुरी लागते, पण कारखान्यात इंजिनिअरचं काम करायला ती सहसा लागत नाही. व्हिसासाठी पदवी तुलनीय आहे एवढं दाखवायचं. त्याचा सरकारी डेटाबेस आहे, 'अनाबिन'. घरी बसून फुकट बघता येतो. त्यात कॉलेजचं नाव शोधून निराश होऊ नका. पदवी विद्यापीठाने दिलेली आहे, विद्यापीठ शोधा आणि मग पदवीचा प्रकार शोधा. नोंद स्पष्ट नसेल तर झेडएबी या कार्यालयाकडून पदवीचं तुलनापत्र मागवायचं. जून २०२४ पासून 'चान्सनकार्ट' हा नोकरी शोधण्यासाठीचा एक वर्षाचा व्हिसाही सुरू झालाय, पण त्याला तिथल्या खर्चापुरते पैसे दाखवावे लागतात. खरी अडचण भाषेची. शॉप फ्लोअरवर इंग्रजी पुरत नाही, फोरमन जर्मनच बोलणार. बी-वनपर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल इतपत, जर्मन शिकलेला वाळूजचा टूलरूमवाला आणि जर्मन न शिकलेला आयआयटीवाला यांत छोट्या जर्मन कंपनीला पहिला जास्त उपयोगाचा वाटेल, असं माझं मत आहे.

आखाताबद्दल एक प्रसंग सांगायलाच हवा. २०१८ साली कुवेतने इंजिनिअरांच्या तिथे राहण्या-कामाच्या परवान्याच्या नूतनीकरणाला तिथल्या इंजिनिअर सोसायटीचं ना हरकत पत्र सक्तीचं केलं, आणि सोसायटी भारतीयांसाठी एनबीएची यादी बघू लागली. वीस-वीस वर्षं रिफायनरीत काम केलेले लोक रातोरात अडचणीत आले. एनबीए स्थापन झाली १९९४ मध्ये. त्याआधी पदवी घेतलेल्याने ती मान्यता आणायची कुठून? कित्येकांना हुद्दा बदलून सुपरवायझर म्हणून राहावं लागलं. सौदीतही तिथल्या इंजिनिअर कौन्सिलची नोंदणी लागते. म्हणून आखातात जाताना व्हिसावर हुद्दा काय लिहिलाय ते स्वतः वाचा. 'टेक्निशियन'च्या व्हिसावर पाठवून 'तिकडे गेल्यावर बदलून देतील' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तो अनुभव पुढे इंजिनिअरचा म्हणून सिद्ध करतानाही त्रास होतो.

अमेरिका आणि ब्रिटनमध्ये कारखान्यातल्या इंजिनिअरला परवाना लागत नाही. अडतं ते व्हिसासाठी उभ्या राहणाऱ्या कंपनीपाशी, म्हणून त्यात आत्ता शिरत नाही.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण फायली इथेच मरतात.

तुमच्या बी.ई.च्या गुणपत्रिका तिसऱ्या सेमिस्टरपासून सुरू होतात. थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश बाहेरच्या माणसाला माहीत नसतो. त्याला वाटतं पहिलं वर्ष गायब आहे. तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमाच्या सगळ्या गुणपत्रिका आणि त्याची ट्रान्सक्रिप्ट सोबत लावा, आणि कॉलेजकडून एक पत्र घ्या की डिप्लोमाच्या आधारे नियमानुसार दुसऱ्या वर्षात प्रवेश दिला होता.

विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा. तुमची पदवी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाची. आपल्याकडची बरीच कॉलेजं नंतर लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली. दोन्ही नावं परक्याला एकसारखी वाटतात. कॉलेज आज लोणेरेला आहे म्हणून तुमच्या धाकट्या भावाची ट्रान्सक्रिप्ट तिकडून येईल, तुमची येणार नाही. १९९४ च्या नामविस्ताराआधी पास झालेल्यांच्या पदवीवर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे, त्यांनी नामविस्ताराचा कागद सोबत ठेवावा. तसंच शहराचं. तुमच्या पदवीवर औरंगाबाद आणि आजच्या अनुभवपत्रावर छत्रपती संभाजीनगर, तुळजापूरच्या मुलाचं उस्मानाबाद आणि धाराशिव. त्यासाठी नवे कागद काढायची गरज नाही. २०२३ ची शासनाची अधिसूचना इंग्रजीत जोडली की पुरतं.

स्वतःच्या नावाचं मात्र आजच बघा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर वेगळा क्रम. क्रम बदलला तर सहसा कोणी अडवत नाही, पण दहावीच्या सनदेवर वडील 'माणिक' आणि पासपोर्टवर 'माणिकराव' असतील तर अडवतात. मराठवाड्यात हा 'राव' निम्म्या फायलींत आडवा येतो. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींना तर दुप्पट त्रास. प्रतिज्ञापत्र आणि शासनाच्या राजपत्रात नावाची नोंद हा सरळ मार्ग आहे. त्याला वेळ लागतो, म्हणून आधी करा.

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा, आंतरराष्ट्रीय करारानुसार मारलेला शिक्का. ज्या देशांत तो चालतो तिथे विदेश मंत्रालयाचा तो एक शिक्का पुरतो. भारत २००५ पासून त्या करारात आहे, सौदी २०२२ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये आला. यूएई, कुवेत आणि कतारसाठी अजून दूतावासापर्यंतची सगळी साखळी करावी लागते. जिथे मूळ कागद मागितलेलाच नाही तिथे उगाच शिक्के मारत बसू नका, त्यावरच एजंट पैसे काढतात.

एजंटच हवा असेल तर नोंदणी तपासा. ऑस्ट्रेलियाच्या मायग्रेशन एजंटांची आणि कॅनडाच्या सल्लागारांची सरकारमान्य यादी इंटरनेटवर खुली आहे. आखातासाठी माणसं पाठवणाऱ्याची नोंद आपल्या सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर असायला हवी, आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. साडेतीन लाखांची पावती मागून बघा.

वयाचं दडपण घेऊ नका. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत २५ ते ३२ वयाला सर्वांत जास्त, म्हणजे ३० गुण आहेत आणि ३३ ला ते २५ होतात. तुमच्याकडे अवधी आहे. या महिन्यात दोन्ही ट्रान्सक्रिप्टचे अर्ज टाका आणि जर्मनचा वर्ग लावा, ऑनलाइन असला तरी चालेल. आयईएलटीएस त्यानंतर. सीडीआरची हकीकत आधी मराठीत लिहून काढा, म्हणजे 'मी' नेमकं काय केलं ते तुमचं तुम्हाला दिसेल.

शेवटचं आणि सगळ्यात निकडीचं, अनुभवाचा पुरावा. वाळूजमध्ये अनेकांचं काम एका कंपनीत आणि पगार ठेकेदाराच्या खात्यातून असतो. तुमचं तसं असेल तर पीएफचं पासबुक, फॉर्म १६ आणि बँकेचं स्टेटमेंट कुठल्या नावाने आहे ते काढून बघा, आणि दोघांचा संबंध दाखवणारं पत्र घ्या. अनुभवपत्र कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यात हुद्दा, तारखा, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, आठवड्याचे तास आणि तुम्ही करता ती कामं हवीत. खाली सही करणाऱ्याचं नाव, पद आणि फोन. एचआर बहुतेकदा फक्त तारखांचं दोन ओळींचं पत्र देतं. कामांची यादी तुम्ही स्वतः टाइप करून तुमच्या प्रॉडक्शन मॅनेजरकडे घेऊन जा आणि ते त्या कंपनीत आहेत तोवरच सही घ्या. मॅनेजर कंपनी सोडून गेल्यावर ते पत्र मिळवायला लोकांना वर्ष-वर्ष लागलेलं मी पाहिलंय.